किलोच्या आतला गांजा ‘अल्प’ ठरला, आणि त्यात अडकली मिसरूडही न फुटलेली पोरं

कोल्हापूरच्या तालमींत बदाम-खसखस घोटून केलेली थंडाई पैलवानाच्या खुराकात असते. चिलीम मात्र घाटावरच्या बैराग्यांची आणि उतारवयाकडे झुकलेल्या काही मंडळींची. गल्लीत ‘गांजेकस’ म्हटलं की शिवीच. 1893-94 च्या ब्रिटिश चौकशी आयोगाने भांग-गांजाच्या माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही म्हणून सरसकट बंदी नको असं सांगितलं. पण शाळकरी पोरांचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर नव्हताच.

खरी कलाटणी 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मिळाली. त्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बी बाहेर. भांग पानांची, त्यामुळे ती सुटली.

वादाचा मुद्दा पुढचा. 2001 मध्ये कायदा दुरुस्त करून जप्त मालाच्या वजनावर शिक्षा बेतली गेली. गांजासाठी 1 किलोहून कमी ते ‘अल्प’ आणि 20 किलोंहून जास्त ते ‘व्यापारी’ प्रमाण ठरलं. हेतू चांगला होता: नशा करणारा आणि टोळी चालवणारा एका मापाने मोजला जाऊ नये. पण किलो ही रेघ कुठून आली? सिगारेटमधली तंबाखू काढून त्यात गांजा भरणाऱ्या पोराकडे काही ग्रॅमची पुडी असते. पाऊण किलो माल पुड्या बांधून विकणाराही त्याच ‘अल्प’ गटात बसतो. 2014 मध्ये या गटाची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षावर गेली, रेघ मात्र हलली नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. पुडी विकणाऱ्याला या रेघेचा जेवढा आडोसा मिळतो, तेवढा पोराला मिळत नाही.

18 वर्षांखालच्यांसाठी वेगळी वाट आहे, पण ती घरोघरी पोचलेली नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाकडून माल विकवून वा वाहून घेणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. खुद्द मुलाचा गुन्हा किरकोळ असेल आणि सोबत कुणी प्रौढ आरोपी नसेल, तर एफआयआर न करता पोलिसांनी ठाणे दैनंदिनीत नोंद घ्यायची आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे द्यायचा असतो.

2019 साली आलेल्या देशव्यापी पाहणीत 10 ते 17 वयोगटातली सुमारे 20 लाख मुलं भांग-गांजा-चरस घेत असल्याचा अंदाज होता, म्हणजे 0.9 टक्के. हुंगायच्या द्रव्यांचं प्रमाण त्याहून जास्त, 1.17 टक्के, आणि ते प्रौढांच्या दुप्पट. गांजावरच नजर ठेवली तर पंक्चरचं सोल्युशन हुंगणारा पोरगा नजरेआड राहतो.

परदेशात गांजा खुला झाला, असा युक्तिवाद कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास होतो. कॅनडाने 2018 मध्ये तो खुला केला खरा, पण 18 वर्षांखालच्याला विकणं तिथेही गुन्हाच आहे. वाढत्या वयात मेंदूची घडण चालू असते, म्हणूनच तिथेही वयाची अट ठेवली आहे.

राहतात ते आई-वडील. पोराच्या दप्तरात पुडी सापडली की केस होईल या धास्तीने घरात दार लावून घेतलं जातं. वास्तविक 1985 च्याच कायद्याच्या 64-अ कलमानुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. शाळेच्या पालकसभेत हे कलम वाचून दाखवायला दोन मिनिटं पुरतात.