अटकेच्या वेळी पोलिसांनी मारलं? भरपाई मागायची तर पहिल्या दिवसाचे कागद जपा

तालुक्याच्या कोर्टात दुपारी रिमांडची वेळ झाली की एक प्रश्न रोज ऐकू येतो. न्यायाधीश फायलीतून डोकं वर काढतात आणि विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” आरोपीच्या दंडाला शिपायाचा हात असतो. आरोपी एकदा त्या हाताकडे बघतो आणि म्हणतो, “नाही साहेब.” रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ओळ पडते: पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. पुढे जामिनावर सुटून हाच माणूस नुकसानभरपाई मागायला निघाला, की सरकारी वकील सगळ्यात आधी ही ओळ वाचून दाखवतात.

हा प्रश्न न्यायाधीश मर्जीने विचारत नाहीत. मुंबईच्या लॉकअपमधल्या महिलांच्या हालांवरून उभ्या राहिलेल्या ‘शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली तो बंधनकारक केला. मारहाण झाली का हे विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगायचं, असा तो आदेश आहे. म्हणून घरच्यांना माझं पहिलं सांगणं असतं: कोर्टाच्या व्हरांड्यात माणूस भेटला तर “घाबरू नको” एवढंच म्हणू नका. “साहेबांनी विचारलं तर खरं सांग, कुठे मारलं ते दाखव,” असं सांगा.

कोणाला मागता येते?

यासाठी सेतू केंद्रात मिळेल असा छापील फॉर्म नाही आणि ‘हात मोडला तर इतके’ असा दरही ठरलेला नाही. भरपाईचा आधार आहे राज्यघटनेचा अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. ज्याला इजा झाली तो स्वतः अर्ज करू शकतो. तो कोठडीत असेल किंवा अंथरुणावर असेल, तर मानवी हक्क आयोगाकडे त्याच्या वतीने घरचं माणूस किंवा दुसरं कोणीही तक्रार देऊ शकतं.

“पण त्याने चोरी केली होती, मग भरपाई कसली?” हा प्रश्न पोलीसच नाही, शेजारीपाजारीही विचारतात. मूळ गुन्हा खरा की खोटा हे त्या खटल्यात ठरेल. इथे प्रश्न वेगळा आहे: पोलिसांनी वापरलेलं बळ अटकेसाठी लागेल तेवढंच होतं का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार कोणी जोर करून अटकेला विरोध केला तर पोलीस आवश्यक ते सर्व उपाय करू शकतात. पण कलम ४६ सांगतं की पळून जाऊ नये म्हणून लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही. झटापटीत मनगट मुरगळलं तर पोलिसांकडे बचाव आहे. बेड्या घातल्यावर तळपायावर पट्टे मारले तर तो बचाव उरत नाही. अर्ज लिहिताना हीच सीमारेषा डोळ्यांसमोर ठेवा: मार बसला तेव्हा माणूस ताब्यात आला होता का, हात बांधलेले होते का, तो कुठे होता?

पहिले चोवीस तास

अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. त्याआधी कलम ५३ प्रमाणे सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. महिलेची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखालीच करायची. डॉक्टरने अंगावरच्या जखमा, माराच्या खुणा आणि त्या साधारण कधीच्या आहेत हे लिहायचं असतं. या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा ती सांगेल त्या माणसाला मिळायला हवी, हे त्याच कलमात आहे. मागणारे फार थोडे, म्हणून देणारेही थोडे.

प्रत्यक्षात काय होतं? ग्रामीण रुग्णालयात रात्री अकराला जीप थांबते. हवालदार आत जातो, डॉक्टर केस पेपरवर ‘ताज्या जखमा नाहीत’ असं लिहितात, शिक्का पडतो. पाच मिनिटांचं काम. शर्टसुद्धा काढलेला नसतो. अशा वेळी आरोपीने स्वतः तोंड उघडून “पाठीवर मारलंय, पाहा” असं म्हणणं फार मोलाचं ठरतं, कारण रुग्णाने सांगितलेली हकीकत डॉक्टरने टिपायची असते. तिथे ते जमलं नाही तर दंडाधिकाऱ्यांसमोर पुन्हा तपासणीचा अर्ज द्यावा. तो हाताने लिहिलेला, चार ओळींचा असला तरी चालतो.

दुसरा कागद अटकेच्या वेळचा. डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की अटकेचा मेमो जागेवर करायचा, त्यावर घरच्यांची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची आणि अटकेची वेळ लिहायची. आरोपीने मागणी केली तर अटकेच्या वेळी अंगावर असलेल्या लहानमोठ्या जखमांचीही नोंद करून प्रत द्यायची. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी हा नियमही त्याच निकालातला. घरून नेलं तेव्हा अंग ठणठणीत होतं हे या मेमोवरून दिसतं. मग दोन दिवसांनी आलेला सुजलेला पाय कुठला, याचं उत्तर पोलिसांना द्यावं लागतं.

जामीन मिळाल्या मिळाल्या सिव्हिलला जाऊन एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामासाठी जखमांची वैद्यकीय नोंद, करून घ्या. खाजगी डॉक्टरकडे गेलात तरी हरकत नाही, पण सरकारी दवाखान्याचा केस पेपर हवाच. मुका मार निळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो, त्यामुळे रोज एक याप्रमाणे आठवडाभर फोटो काढा. एक्स-रे टाळू नका. हाड किंवा दात मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ती ‘गंभीर दुखापत’ ठरते. १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरीही तीच. हमाली करणाऱ्या माणसाने मुकादमाकडून गैरहजेरीचा दाखला घेतला तर तो इथे पुरावा म्हणून कामी येतो आणि बुडालेली मजुरी मोजायलाही.

कोणत्या दारात जायचं?

बहुतेकांना झेपेल असा रस्ता म्हणजे महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग. कार्यालय मुंबईत सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज मराठीत चालतो आणि टपालाने पाठवता येतो. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार पोहोचली पाहिजे. आयोग पोलिसांकडून अहवाल मागवतो, सुनावणी घेतो आणि हक्कभंग आढळला तर सरकारला भरपाई देण्याची शिफारस करतो. ही शिफारसच असते, हे आधीच माहीत असलेलं बरं. पण सरकारने दाद दिली नाही तर आयोग स्वतः उच्च न्यायालयात जाऊ शकतो. राज्य आयोगात प्रकरण चालू असताना दिल्लीचा राष्ट्रीय आयोग तेच प्रकरण घेत नाही, म्हणून दोन्हीकडे प्रती धाडून जोर लावण्याचा मोह टाळा. गोव्यातल्या वाचकांसाठी पणजीत स्वतंत्र आयोग आहे.

दुसरं दार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं. पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंग प्रकरणातल्या २००६ च्या निकालानंतर २०१४ साली महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन ते आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, ठरलेली पद्धत न पाळता केलेली अटक अशा तक्रारी ते ऐकतं. याचा रोख त्या पोलिसावर कारवाई होण्यावर आहे, तुमच्या खिशात पैसे येण्यावर नाही. तरीही चौकशीत निघालेला निष्कर्ष पुढे भरपाईसाठी वापरता येतो.

तिसरं, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका, म्हणजे हक्कभंगाबद्दल थेट उच्च न्यायालयात मागितलेली दाद. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची खेप त्यामुळे वाचली. नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत मुलगा गमावलेल्या आईला दीड लाख रुपये द्यायला लावले आणि मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर ‘सरकारवर दावा चालत नाही’ हा जुना बचाव चालणार नाही, असं ठरवलं. रिटचा खरा फायदा हाच. मात्र मार कुणी, कधी दिला यावरच वाद असेल तर न्यायालय “पुरावा नोंदवायला दिवाणी कोर्टात जा” म्हणू शकतं. ज्याच्याकडे कागद स्वच्छ आहेत त्याने रिटचा विचार करावा. न्यायालयात प्रलंबित असलेला विषय आयोग सहसा हाती घेत नाही, त्यामुळे आधी कुठे जायचं हे वकिलाशी बोलून ठरवा.

दिवाणी दावा शेवटी सांगतोय, कारण त्यात कोर्ट फी आहे, वर्षं जातात आणि एक खड्डा आहे. सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ म्हणतं की पोलिसाने अधिकाराच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत दाखल झाला पाहिजे, तोही त्या पोलिसाला महिनाभर आधी नोटीस देऊन. कबुलीसाठी केलेली मारहाण या संरक्षणात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच म्हटलंय. पण त्या वादात पडायची वेळच कशाला येऊ द्यायची? सहा महिने हीच मुदत धरून चाला.

गुन्हा नोंदवायचा असेल तर कबुलीसाठी इजा केल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम १२० आहे. साध्या दुखापतीला सात आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. त्याच ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. जखमी व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, तर समाजकल्याण कार्यालयाकडून मिळणारं अर्थसाहाय्य वेगळं. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी असलेल्या मनोधैर्य योजनेत हा प्रकार बसत नाही. आणि अकारण अटकेबद्दल हजार रुपये देणारं जे कलम मोबाइलवर फिरत असतं, ते पोलिसांकडून पैसे घेण्याचं नाही. अटक करायला भाग पाडणाऱ्या माणसाकडून ते घ्यायचे असतात.

सोबत काय जोडायचं?

ओळखीचा पुरावा, अटक मेमो, एफआयआरची प्रत, कलम ५३ चा अहवाल, सुटकेनंतरचा एमएलसी, एक्स-रे, औषधांची बिलं, फोटो, रोजनाम्याची प्रमाणित प्रत, साक्षीदारांची नावं, बुडालेल्या कमाईचा दाखला, अपंगत्व आलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि बँक पासबुकचं पहिलं पान. यातलं एखादं नसेल म्हणून थांबू नका. जे नाही ते मागितलं होतं एवढं तरी दाखवता आलं पाहिजे.

सीसीटीव्हीचं मात्र त्याच आठवड्यात पाहा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० साली प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलं गेलं. तरी “त्या दिवशी डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारं यंत्र) बंद होता” हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. तारीख आणि वेळ घालून चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज ठाण्याला, अधीक्षकांना आणि आयोगाला द्या, पोच घ्या. त्याच दिवशी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात स्टेशन डायरीच्या नोंदीही मागा.

अर्जात “अमानुष मारहाण केली” असं लिहून भागत नाही. “अमुक तारखेला रात्री साधारण साडेनऊला, ठाण्याच्या मागच्या खोलीत, दोघांनी हात धरले, तिसऱ्याने पट्ट्याने डाव्या तळपायावर मारलं” असं लिहा. नाव माहीत नसेल तर छातीवरच्या पट्टीवर काय दिसलं, अंगकाठी कशी होती ते लिहा. रक्कम नक्की मागा आणि ती कशी आली तेही मांडा: औषधं इतकी, बुडालेले दिवस इतके, पुढचा उपचार इतका, यातनांचे इतके.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. कोठडीतली व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. फोनवर विचारायचं तर १५१००. जाताना केस पेपरची झेरॉक्स न्या, मूळ कागद घरीच ठेवा.