जांभळ्या हेझलला गोव्यात काय कमी पडतं?

हेझल म्हणजे हेझलनट देणारं झुडूप. त्याची जांभळ्या पानांची जात चित्रात पाहिली तरी मोह पडतो. वाइनच्या रंगाची रुंद पानं, त्याच छटेचे लोंबते तुरे, बोंडाभोवतीचं आवरणही जांभळं. बाल्कन आणि तुर्कस्तानकडचं हे झुडूप आपल्या परसात लावावं असं वाटलं, तर मात्र अडचण येते ती थंडीची.

हिवाळ्याआधी हेझलची पानं गळतात आणि कळ्या झोपी जातात. त्यांना पुन्हा जाग यायला साधारण ७ अंश सेल्सिअसखालचे ८०० ते १२०० तास लागतात. पणजीत जानेवारीतली पहाटसुद्धा सरासरी २० अंशांच्या आसपास असते. मुळाशी बर्फ टाकूनही उपयोग नाही, कारण थंडीची नोंद प्रत्येक कळी स्वतःच घेते. हेझलचा एक भाऊबंद भारतात आहे, पण तो हिमालयात. हिमाचलच्या पांगी खोऱ्यात त्याच्या फळाला ठांगी म्हणतात.

रंगाचं रहस्य मात्र आपल्या दारातही उलगडतं. जांभळ्या पानात हरितद्रव्य असतंच, त्यावर अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा पडदा असतो. आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते ती याच द्रव्यामुळे. कोवळ्या पानाची प्रकाश पचवण्याची यंत्रणा अजून अपुरी असते. जादा ऊन त्याला बाधतं, आणि अँथोसायनिन त्यातला काही भाग अडवतं. कीटकांना परतवण्यासाठीही हा रंग असावा, असं काही शास्त्रज्ञ मानतात. पान जून झालं की आंबा हा पडदा काढून घेतो. जांभळ्या हेझलमध्ये तो बराच काळ राहतो. म्हणून माळ्यांनी असं झाड निवडून दाब कलमाने जपलं, कारण बियांपासून आलेली सगळी रोपं जांभळी निघत नाहीत. सावलीत हाच हेझल हिरवट होतो, आणि कडक उन्हाळ्यातही त्याचा रंग फिका पडत जातो.

आपल्या भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, लाल रंगही अँथोसायनिनचाच. तांबड्या भाजीचा (लाल माठाचा) मात्र नाही! तिच्यात बीटातलं बीटालेन असतं, आणि निसर्गात ही दोन्ही द्रव्यं एकाच झाडात सापडत नाहीत. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. घरी पडताळून पाहता येते. भिरंडाच्या पाण्यात थोडा थोडा खाण्याचा सोडा घालत जा. फेस येईल, आंबटपणा मरेल आणि लाल रंग निळसर-करड्याकडे सरकेल. तांबड्या भाजीचं पाणी तेवढ्या सोड्याने फारसं बदलत नाही.

गोव्यात जांभळं झुडूप हवंच असेल तर अकॅलिफा, कॉर्डिलाइन किंवा गडद जातीचा क्रोटन लावावा. तिन्ही उष्ण प्रदेशातले. उघड्यावर लावावेत, माडाच्या दाट सावलीत क्रोटनचा रंग उतरतो. आमच्या चिऱ्यांच्या जमिनीत खड्डा मोठा घेऊन शेणखत भरावं, आणि पावसाचं पाणी मुळाशी साचू देऊ नये. दिसायला हेझलच्या सर्वांत जवळचा म्हणाल तर मध्य अमेरिकेतला लाल युफोर्बिया, रुंद पानांचा आणि खरोखर देखणा. पण त्याचा पांढरा चीक विषारी आहे, कातडीला आणि डोळ्यांना इजा करतो. छाटताना हातमोजे घालावेत, आणि लहान मुलं किंवा गुरं फिरतात तिथे तो लावूच नये.