न्यू मेक्सिको राज्याची अधिकृत चिन्हं

न्यू मेक्सिको हे अमेरिकेच्या नैऋत्य कोपऱ्यातलं राज्य, राजधानी सांता फे, ६ जानेवारी १९१२ ला ४७वं राज्य म्हणून संघात आलं. झेंडा, शिक्का, पक्षी, फूल हे तिकडे प्रत्येक राज्याला असतंच, पण न्यू मेक्सिकोची यादी वर्षानुवर्षं वाढतच गेलीय. त्यात बिस्किट आहे, बोलो टाय (गळ्यात घालायची दोरीची टाय) आहे, हॉटेलात वेटर विचारतो तो प्रश्न आहे आणि २०२३ पासून एक वाससुद्धा आहे. हे कोणी हौसेनं ठरवलेलं नाही, विधिमंडळात ठराव किंवा विधेयक पास झालं की मगच नाव लागतं.

राज्याच्या शिक्क्यावर दोन गरुड आहेत. मोठा अमेरिकन गरुड, पायात बाण धरलेला, आणि त्याच्या पंखाखाली छोटा मेक्सिकन गरुड, चोचीत साप आणि पायाखाली निवडुंग. हा भाग १८४८ पर्यंत मेक्सिकोचा होता, युद्धानंतरच्या तहात अमेरिकेकडे आला, त्यामुळे मोठ्यानं छोट्याला पंखाखाली घेतलंय असं दाखवायचं होतं. छोट्याला कोणी विचारलं होतं का हा वेगळा विषय. खाली 'क्रेसिट युंडो' हे लॅटिन ब्रीदवाक्य आहे, अर्थ साधारण 'जसजसं पुढे जातं तसतसं वाढतं'.

खरी ओळख मात्र झेंड्याची. १९१५ चा पहिला झेंडा अगदीच कसातरी होता, निळ्या कापडावर एका कोपऱ्यात अमेरिकेचा छोटा झेंडा, दुसऱ्या कोपऱ्यात शिक्का आणि मधे राज्याचं नाव, म्हणजे दिसेल ते सगळं कोंबलेलं. १९२० च्या दशकात 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या महिला संघटनेनं नवीन झेंड्यासाठी जोर लावला, स्पर्धा झाली आणि सांता फेचे डॉक्टर आणि पुरातत्त्व अभ्यासक हॅरी मेरा यांचं डिझाइन जिंकलं. शिवला त्यांच्या बायकोनं. पिवळ्या कापडावर लाल सूर्य, बस, एवढंच. लाल-पिवळा हे जुन्या स्पॅनिश राजवटीचे रंग आणि सूर्य झिया नावाच्या आदिवासी पुएब्लोचा (पुएब्लो म्हणजे तिथल्या आदिवासींचं गाव आणि त्यातला समाज). १९२५ मध्ये हा झेंडा अधिकृत झाला. २००१ मध्ये झेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका उत्तर अमेरिकन संस्थेनं अमेरिका आणि कॅनडामधल्या राज्या-प्रांतांचे ७२ झेंडे लोकांकडून तपासून घेतले तर हाच पहिला आला, आणि तो आलाच पाहिजे होता असं माझं मत, लांबूनही ओळखू येतो, लहान पोरगंसुद्धा काढू शकतं.

पण हा सूर्य मेरांनी पाहिला तो झिया लोकांच्या एका मातीच्या भांड्यावर, आणि तो वापरण्याआधी झिया लोकांना कोणी विचारलं नाही. त्यांच्यासाठी ती शोभेची नक्षी नाही, पवित्र खूण आहे. मधे वर्तुळ आणि चार बाजूंना चार-चार किरण, म्हणजे चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार भाग, आयुष्याचे चार टप्पे आणि सगळ्यांना बांधून ठेवणारं वर्तुळ. आता तीच खूण पिवळ्या नंबर प्लेटवर आहे, टी-शर्टवर आहे, प्लंबरच्या गाडीवर आहे, लोकांच्या दंडावर टॅटू म्हणून आहे, आणि १९६६ मध्ये बांधलेली विधिमंडळाची गोल इमारतसुद्धा वरून पाहिली तर त्याच आकाराची. १९९० च्या दशकात झिया पुएब्लोनं राज्याकडे भरपाई मागितली आणि मग हा विषय ट्रेडमार्कच्या कायद्यापर्यंत गेला, पुढे अमेरिकेच्या पेटंट-ट्रेडमार्क ऑफिसनं आदिवासी जमातींच्या अधिकृत चिन्हांची नोंद ठेवायला सुरुवात केली. काही कंपन्या आता आधी परवानगी मागतात आणि पुएब्लोला देणगी देतात. झेंड्याला वंदन करताना म्हणायच्या अधिकृत वाक्यात हे चिन्ह 'एकत्र आलेल्या संस्कृतींमधल्या परिपूर्ण मैत्रीचं' आहे असं म्हणतात, ते वाक्य ऐकताना ही परवानगीची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

यादीतला सगळ्यात चविष्ट भाग मिरचीचा. १९६५ पासून मिरची आणि फ्रिहोलेस म्हणजे राजम्यासारखे पिंटो बीन्स या राज्याच्या अधिकृत भाज्या आहेत (मिरची शास्त्रानुसार फळ, पण विधिमंडळापुढे कोण बोलणार). न्यू मेक्सिकोत कुठल्याही पदार्थावर मिरचीचा सॉस असतो आणि वेटर विचारतो, 'रेड ऑर ग्रीन?', लाल की हिरवी, हाच राज्याचा अधिकृत प्रश्न. दोन्ही पाहिजे असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं, आणि २००७ मध्ये उत्तरही अधिकृत झालं. या मिरचीमागे शेतीचं मोठं काम आहे, लास क्रूसेसच्या कृषी महाविद्यालयात फाबियान गार्सिया यांनी निवडपद्धतीनं तयार केलेलं 'न्यू मेक्सिको नंबर ९' वाण १९२१ मध्ये आलं आणि तिथून एकसारख्या, लांब मिरचीची लागवड सुरू झाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुकानांबाहेर जाळीचे गोल पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरवून पोत्यानं हिरव्या मिरच्या भाजतात. ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या की घरभर जे होतं ते इथे अख्ख्या पार्किंगभर होतं, फक्त इथली मिरची मांसल असल्यामुळे वास जरा गोडसर, धुरकट. हाच तो २०२३ चा अधिकृत वास. कल्पना लास क्रूसेसच्या एका प्राथमिक शाळेतल्या पाचवीच्या पोरांची, आणि राज्याचा वास कायद्यानं ठरवणारं न्यू मेक्सिको पहिलंच. बिस्किटातही हेच पहिले, बडीशेपेसारख्या चवीचं, डुकराच्या चरबीत केलेलं, दालचिनी-साखरेत घोळवलेलं बिझकोचितो १९८९ मध्ये अधिकृत झालं.

प्राण्यांमध्ये पक्षी रोडरनर, १९४९ पासून, कोकिळेच्या कुळातला पण उडण्यापेक्षा पळणं पसंत करणारा आणि सापसुद्धा मारून खाणारा. प्राणी काळं अस्वल, १९६३ पासून, कारण १९५० मध्ये कॅपिटन डोंगरांतल्या वणव्यात भाजलेलं एक पिल्लू सापडलं, त्याला वणवे रोखण्याच्या जाहिरातीतल्या 'स्मोकी'चं नाव मिळालं, ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात राहिलं आणि १९७६ मध्ये मेल्यावर परत कॅपिटनमध्येच पुरलं. सरपटणारा प्राणी म्हणून २००३ मध्ये व्हिपटेल सरडा निवडला, ह्या जातीत नर नसतातच, सगळ्या माद्या आणि पिल्लंही नराशिवाय. जीवाश्म सीलोफायसिस नावाचा छोटा डायनासोर, राज्यातल्या घोस्ट रँच या ठिकाणी १९४७ मध्ये त्याचे ढीगभर सांगाडे सापडले होते, आणि एक कवटी १९९८ मध्ये अंतराळातही जाऊन आली. फूल युक्का, त्याच्या मुळांचा फेस होतो म्हणून आदिवासी लोक त्यानं केस धुवायचे. रत्न टर्कॉईज, झाड पिन्योन पाइन.

राज्यगीत १९१७ चं, 'ओ फेअर न्यू मेक्सिको', लिहिणाऱ्या एलिझाबेथ गॅरेट अंध होत्या आणि बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला गोळी घालणाऱ्या शेरीफ पॅट गॅरेटच्या कन्या. १९७१ मध्ये स्पॅनिश भाषेतलं दुसरं राज्यगीतही आलं, पहिलं काढून नाही, त्याच्या जोडीला.