शेकोटीच्या फळीची गिटार आणि तिच्या नकला

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या 'रेड स्पेशल' गिटारीची नक्कल आज कुणालाही विकत घेता येते. वाजवायची, प्रवासात न्यायची, नुसती कपाटात मांडायची, जशी हवी तशी. गंमत अशी की मूळ गिटार जन्माला आली ती दुकानातली परवडत नव्हती म्हणून.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांच्या ब्रायनने आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी लंडनजवळच्या फेल्टममधल्या घरी हे काम हातात घेतलं. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार, हत्यारं घरचीच. सामान मात्र अक्षरशः भंगारातलं. गिटारीची मान शेकोटीवरच्या जुन्या महॉगनी फळीतून कोरली. त्या फळीला किड्यांनी भोकं पाडली होती, ती काडेपेटीच्या काड्या ठोकून बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वर महॉगनीचं व्हिनियर. मानेवरच्या पडद्यांमधले (सुरांच्या पट्ट्यांमधले) पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सूर थरथरवणाऱ्या ट्रेमोलोच्या स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या, त्याचा दांडा सायकलच्या सीटमागची पिशवी अडकवायच्या सळईचा आणि दांड्याचं टोक विणायच्या सुईचं. काम चाललं जवळजवळ दोन वर्षं. खर्च सांगितला जातो तो आठ पौंड.

ही जमवाजमव वाचताना मौज वाटते, पण तिला 'जुगाड' म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. ट्रेमोलोची पट्टी सुरीच्या धारेसारख्या कडेवर झुलते, त्यामुळे घर्षण कमी होतं आणि दांडा सोडला की तारा मूळ सुरावर परततात. अंग आतून काही भागात पोकळ आहे, ते मुद्दाम, कारण अँप्लिफायरसमोर उभं राहिल्यावर गिटारीने स्वतःच घुमावं ही इच्छा होती. तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारे पिकअपही आधी घरीच केले होते. त्यांचा आवाज चांगला होता, पण तार बाजूला खेचून मींड काढावी तशी काढली की खरखर यायची. शेवटी बर्न्स कंपनीचे तीन 'ट्राय-सॉनिक' विकत आणले आणि ते कुरकुरू नयेत म्हणून त्यांत अरल्डाइट हा घट्ट होणारा गोंद ओतला. प्रत्येक पिकअपला चालू-बंदचं एक आणि फेज (विद्युतलहरीची दिशा) उलटवायचं एक अशी दोन बटणं आहेत. तिन्ही पिकअप एकामागोमाग जोडलेले. त्यातून निघणाऱ्या आवाजांची विविधता त्या काळच्या बाजारातल्या गिटारींत सहसा नव्हती.

पुढे याच गिटारीवर क्वीनचा आवाज उभा राहिला. (क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले आणि तिथेच त्यांनी मित्रांबरोबर पहिला बँड काढला, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असतं. फेल्टमच्या फळीची गोष्ट तितकी ठाऊक नसते.)

पहिली नक्कल चाहत्यांसाठी झालीच नाही. जगात एकच नग, तो रोज मंचावर. तार तुटली तर काय? म्हणून सत्तरच्या दशकात जॉन बर्च या इंग्लिश कारागिराकडून तशीच दुसरी गिटार करवून घेतली. ती मूळ गिटारीची जागा घेऊ शकली नाही. १९८२ च्या अमेरिका दौऱ्यात मे यांनी वैतागून ती फेकली आणि ती मोडली.

बाजारासाठीची पहिली नक्कल १९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या गिल्ड कंपनीने काढली. नाव मे यांचं, रंगरूप ओळखीचं, पण पिकअप दिमार्झिओचे आणि ट्रेमोलो काहलरचा. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी ती गिटार घडली, नेमक्या त्याच बदललेल्या. ती फार काळ चालली नाही. १९९३ मध्ये गिल्डने पुन्हा प्रयत्न केला आणि तो मुळाच्या अधिक जवळ गेला.

माझ्या मते खरं वळण आलं सिडनीच्या ग्रेग फ्रायर यांच्यामुळे. त्यांनी मूळ गिटारीची बारकाईने मापं घेतली आणि १९९६-९७ मध्ये तीन प्रती घडवल्या. दोघींची नावं जॉन आणि पॉल. तिसरीला बीटल्समधला जॉर्ज येणार असं वाटतं, तर तिचं नाव 'जॉर्ज बर्न्स', अमेरिकन विनोदवीराचं! पिकअपच्या कंपनीचं आडनावही तेच, त्यामुळे विनोद दुहेरी लागतो. १९९८ मध्ये मूळ गिटारीची दुरुस्तीही मे यांनी फ्रायर यांच्याकडेच सोपवली. नक्कल करता करता माणूस मुळाचा वैद्य झाला.

त्यानंतर वाटा फुटल्या. २००१ मध्ये बर्न्सने कोरियात बनवलेली स्वस्त आवृत्ती आणली आणि सामान्य वादकाच्या हाती प्रथमच असं काही पडलं. पुढे मे यांच्याच नावाची 'ब्रायन मे गिटार्स' कंपनी निघाली. तिची 'मिनी मे' ही छोटी गिटारही खरोखर वाजते. दुसऱ्या टोकाला अँड्र्यू गायटन यांच्यासारखे इंग्लिश कारागीर, मोजके नग आणि मुळाबरहुकूम काम. मूळ मान कमालीची जाड आहे. स्वस्त प्रतींत ती बारीक केली, कारण बहुतेकांच्या हाताला ती झेपत नाही. संग्राहकाला मात्र तीच जाडी हवी असते. आवाज जुळला की झालं, की लाकडाचा कणन्‌कण जुळायला हवा, यावर वाद घालणारे आजही आहेत. मला विचाराल तर आधी ट्रेमोलो बघावा, रंग नंतर.

मे ही गिटार प्लास्टिकच्या तुकड्याने नाही, तर सहा पेन्सच्या नाण्याने छेडतात. खाचांची कड तारेवर घासली की शब्दाला व्यंजन लागावं तसा नाद येतो. ते नाणं ब्रिटनमध्ये १९८० मध्ये चलनातून गेलं. २०२० मध्ये तिथल्या रॉयल मिंटने क्वीनच्या सन्मानार्थ पाच पौंडांचं नाणं काढलं. त्यावर चौघांची वाद्यं कोरली आहेत आणि त्यांत रेड स्पेशलही आहे.