खानदेशातील घोडा आणि माणूस

खानदेश हा मूळचा बैलांचा मुलूख. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची काळी जमीन बैलाने नांगरली, कापसाच्या गाड्याही त्यानेच ओढल्या. शेतात घोड्याला काम नव्हते. म्हणून धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांत घोड्याशी माणसाचे जे नाते जडले, ते गरजेपेक्षा स्वारीचे, मानाचे आणि हौसेचे आहे. सणांची वाटणीही तशीच झालेली दिसते. पोळा बैलाचा, तर खंडेनवमी-दसऱ्याला शस्त्रांबरोबर पूजा घोड्याची. देव्हाऱ्यातल्या टाकावरचा खंडोबाही घोड्यावरच बसलेला असतो.

मोगल काळात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा हमरस्ता तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारवरून जात असे. पुढे मराठ्यांच्या फौजा माळव्यात उतरू लागल्या, तेव्हा खानदेश त्यांच्या वाटेवरच होता. होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव (जन्म 1693) यांचे बालपण तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेले. बारगळ हे सरदार कदमबांडे यांच्या चाकरीतले शिलेदार होते आणि मल्हारराव घोड्यावर मांड ठोकायला शिकले ते त्यांच्याच पथकात. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. बारगीराला घोडा सरकारी पागेतून मिळे. हा फरक केवळ पगाराचा नव्हता. शिलेदाराचा घोडा लढाईत पडला, तर त्याचे भांडवलच बुडाले. जनावराला जिवापाड जपण्यामागे मायेइतकाच हा हिशेबही असणार.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि पथके मोडली. घोडा मग वतनदारांच्या दारात, नवरदेवाच्या वरातीत आणि टांग्याला उरला. रेल्वे स्टेशनाबाहेरचे टांगे रिक्षांनी हटवले. वरात मात्र टिकली.

या नात्याचे सर्वांत ठळक स्थान म्हणजे सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, दोंडाईचा-शहादा रस्त्यावर, तापीच्या काठी हे गाव आहे. जवळचे रेल्वे स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावरचे दोंडाईचा. गावात एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. बाजाराची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचे सांगितले जाते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातले व्यापारी जनावरे घेऊन दत्तजयंतीच्या आधीच मुक्कामाला येतात. मोसमही सोयीचा असतो. कापूस विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा आलेला असतो आणि लग्नसराईसाठी घोडीवाल्यांना नवे जनावर हवे असते.

बाजारात मारवाडी आणि काठियावाडी घोडे चटकन ओळखू येतात, कारण त्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांकडे झुकलेली असतात. पंजाबकडचा पांढराशुभ्र नुकरा वरातीसाठी मागणीत असतो. रंगांची नावे फारसीतून आली आणि मराठीत रुळली: तांबूस अंगाचा, काळ्या आयाळ-शेपटीचा तो कुमैत, काळा तो मुश्की, अंगावर पांढरे-काळे मोठे डाग असलेला अबलख. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल, तर तो पंचकल्याणी. त्याला भाव चढा मिळतो.

रंगापेक्षा बारकाईने पाहिले जातात ते भोवरे, म्हणजे केस गोल फिरलेल्या जागा. कंठावरचा भोवरा देवमण, तो शुभ. डोळ्याखालचा भोवरा आसवे गाळणारा, म्हणून अशुभ. पुढच्या पायावरच्या भोवऱ्याचे तोंड खाली असेल तर तो खुंटा गाडणारा, धन्याचे घर टिकवणारा; वर असेल तर खुंटा उपटणारा. केसांच्या वाढीच्या दिशेचा आणि धन्याच्या नशिबाचा काही संबंध नाही, हे विकणाराही जाणतो. पण पुढचा गिऱ्हाईक भोवरा पाहणार, हेही त्याला ठाऊक असते. इथेच घोडे पेंड खाते: ज्याचा या खुणांवर विश्वास नाही, तोही त्या पाहूनच पैसे मोजतो.

वय दातांवरून कळते. पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात, पहिली जोडी घोडा सुमारे अडीच वर्षांचा असताना, आणि पाच वर्षांच्या सुमारास तोंड भरते, म्हणजे पुढचे पक्के दात पूर्ण येतात. त्यानंतर दातांच्या झिजेवरून अंदाज बांधायचा, आणि फसगत होते ती या टप्प्यावर. मग घोडा चालवून, दौडवून पाहतात, पाय उचलून खूर तपासतात. पूर्वी सौदा रुमालाखाली बोटे दाबून होई, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना आकडा कळत नसे. आता मोबाइलवर चित्रफिती आधीच फिरलेल्या असतात आणि लाखांचे, क्वचित कोटींचे आकडे बातम्यांत येतात. ते बहुधा मागितलेल्या किमतीचे असतात. सौदा तेवढ्यालाच झाला असे समजायचे कारण नाही.

गेल्या दशकात या यात्रेला चेतक फेस्टिव्हल असे पर्यटनी नाव मिळाले. चेतक हा महाराणा प्रतापांचा, हळदीघाटीच्या (1576) लढाईतला घोडा. तापीकाठच्या अनेक गावांत राजपूत वस्ती असल्याने नाव परके वाटत नाही, तरी तळोद्याच्या पथकाची आठवण अवघ्या काही कोसांवर असताना ते मेवाडातून आणले गेले, हे नोंदवण्यासारखे आहे.

विकत घेणारा एक आणि सांभाळणारा दुसरा, हे या नात्याचे दुर्लक्षित अंग. खरारा करणारा म्हणजे अंग घासणारा, चंदीचा तोबरा म्हणजे दाण्याची पिशवी तोंडाला बांधणारा मोतद्दार आणि चाल शिकवणारा चाबूकस्वार यांच्यावर घोड्याची खरी भिस्त असते. चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा वगैरे दाणा, सोबत कडबा. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे दाणा जास्त झाला तर पोटशूळ जिवावर बेततो. म्हणून चंदी मापाने. मोकळ्या रानात चरणाऱ्या घोड्याचे खूर आपोआप झिजतात, पण नाल ठोकला की ते वाढतच राहतात. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. आणि रोज फेरफटका हवाच. ‘घोडा का अडला, भाकरी का करपली, पाने का सडली?’ या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्याने’ हे उत्तर शाळकरी पोरालाही येते. हौसेने घोडा घेऊन दारात बांधून ठेवणारा धनी मात्र नेमके तेच विसरतो.

वरातीच्या घोडीची कसोटी वेगळी. घोडा मुळात बुजणारा, धोका दिसला की पळणारा प्राणी. त्याला बँड, फटाके आणि नाचणारी गर्दी यांत उभे करायचे म्हणजे आधी लांबून ढोल ऐकवायचा, मग रोज थोडा जवळ आणायचा. शिकलेली घोडी वाजंत्रीच्या ठेक्यावर पाय उचलते, आणि तिचे कान मागे पडले की लगाम धरणारा गर्दीला मागे सारतो. तो कानांकडे पाहत असतो. नवरदेवाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

बाजाराला रोगाची धास्तीही असते. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होऊ शकतो आणि बाधित जनावर कायद्याप्रमाणे मारावे लागते. त्यामुळे जिथे अनेक राज्यांतले घोडे एकत्र येतात, तिथे रक्ततपासणीला महत्त्व येते. तपासणीचा दाखला हातात असला, तरी जुना व्यापारी घोड्याच्या नाकपुडीत एकदा स्वतः डोकावून पाहतोच.