कंकर जुना, जीवाणू किती जुने?

नागपूरच्या काळ्या मातीत खड्डा खणला की चुन्याचे पांढरट, खडबडीत खडे निघतात. तो कंकर. शहराच्या दक्षिणेला नंद-डोंगरगाव खोऱ्यातल्या लॅमेटा नावाच्या प्राचीन गाळाच्या थरांतही कंकर आहे, पण तो सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीच्या मातीत साकळलेला आणि पुढे खडक झालेला. नाव एकच, वस्तू दोन.

एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांनी हा देशी शब्द जसाच्या तसा उचलला; त्यासाठीच ‘कॅल्क्रीट’ ही संज्ञा 1902 मध्ये आली. स्पष्टीकरण मात्र बराच काळ रासायनिकच राहिले: पावसाने चुना विरघळतो, पाणी सुकते, कार्बन डायऑक्साइड निसटतो, कॅल्साइट म्हणजे चुन्याचे स्फटिक उरतात. मातीतले जीवाणूही सर्रास कॅल्साइट बनवतात, हे 1973 मध्ये प्रयोगशाळेत दिसले. युरिया फोडणारे जीवाणू अमोनिया सोडतात, सामू चढतो आणि पेशीभोवतीच स्फटिक जमतात. यातला सर्वांत परिचित जीवाणू 2001 पर्यंत बॅसिलस गणला जाई. आता तो स्पोरोसार्सिना पाश्चुरी.

खरा घोळ अशा जुन्या कंकरात सापडलेल्या जीवाणूंना लावल्या जाणाऱ्या ‘प्राचीन जीवाणू’ या शब्दाचा. थर 7 कोटी वर्षांचा म्हणून त्यातली पेशीही तितकी जुनी, हा तर्क लंगडा आहे. कंकराला भेगा असतात. त्यांतून मुळे आणि पाणी उतरते, पाण्याबरोबर आजचे जीवाणूही. वय मोजण्याच्या रेडिओकार्बन पद्धतीचा आधार 50,000 वर्षांच्या आसपास संपतो. काळ्या मातीतल्या तरुण कंकरात तर चुना पुन्हापुन्हा विरघळून जमतो, त्यामुळे येणारी तारीख जुन्या-नव्याची सरमिसळ असते.

म्हणून नमुना घेतानाच काळजी लागते. मुठीएवढा, भेग नसलेला तुकडा घ्यायचा, बाहेरचा थर निर्जंतुक छिन्नीने काढायचा, पृष्ठभाग ज्योतीवरून फिरवायचा आणि गाभा निर्जंतुक खलात कुटायचा. आम्ल वापरू नये. चुना विरघळतो आणि पेशीही मरतात. वाढीसाठी लिटरला 2.5 ग्रॅम कॅल्शियम ॲसिटेट, 4 ग्रॅम यीस्ट अर्क, 10 ग्रॅम ग्लुकोज आणि सामू 8 असलेले माध्यम चालते. सोबत तुलनेसाठी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) निर्जंतुक केलेल्या कंकराची बशी हवीच. हीच बशी बहुतेक जण गाळतात. सामू वर सरकला तर जीवाणूंविनाही स्फटिक पडतात, आणि ते जीवाणूंच्या खात्यावर जमा होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली मातीत अलीकडे घडलेल्या खड्याची कड आसपासच्या मातीत विरघळत गेलेली दिसते. जुन्या खड्याची कड तीक्ष्ण असते, वर अनेकदा लोह-मँगनीजचा लेप. या खुणा खड्याचे वय सुचवतात, आतल्या पेशीचे नाही.