‘माणसाचा वाटा फक्त ४ टक्के’ : खरा आकडा, अर्धा हिशेब

‘हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९६ टक्के निसर्गातून येतो, माणसाचा वाटा जेमतेम ४ टक्के.’ तापमानवाढीची चर्चा निघाली की हे वाक्य कुणीतरी हमखास पुढे ढकलते. ऑक्टोबर १९९७मध्ये बीजिंगच्या जागतिक पेट्रोलियम काँग्रेसमध्ये एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख ली रेमंड यांनीही हेच आकडे मांडले होते. क्योटोची हवामान परिषद तेव्हा दोन महिन्यांवर आली होती.

हा आकडा ढोबळमानाने खरा आहे. म्हणूनच ‘साफ खोटे’ म्हणून तो उडवून लावता येत नाही. तो नीट उलगडावा लागतो.

किराणा दुकानाचा गल्ला डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यात ६०० रुपये आहेत. रोज साधारण २०० येतात आणि २०० जातात, त्यामुळे शिल्लक ६००च्या आसपास राहते. आता कुणीतरी रोज वरून ११ रुपये टाकू लागला. एकूण जमेत त्याचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास. पण शिल्लक वाढते ती त्याच्यामुळेच. हे रुपये अब्ज टन कार्बन समजा आणि रोजच्या जागी वर्ष घ्या, की पृथ्वीचा हिशेब तयार झाला. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत सुमारे ६०० अब्ज टन कार्बन होता, आज ९००च्या जवळ आहे. झाडे, माती आणि समुद्र मिळून वर्षाला २००च्या आसपास देतात. आपण इंधन जाळून १० आणि जंगलतोडीतून सुमारे १ टाकतो. हवेतली शिल्लक मात्र वर्षाला ५ने वाढते. उरलेले ६ गेले कुठे? समुद्राने आणि झाडांनी गिळले. म्हणजे निसर्ग देतो त्याहून जास्त परत घेतो आहे. ९६ टक्क्यांचे वाक्य जमेची बाजू वाचून दाखवते आणि खर्चाचे पान झाकून ठेवते.

(आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. कुठे ‘कार्बन’चे टन असतात, कुठे ‘कार्बन डायऑक्साइड’चे. १ टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. या दोन एककांची सरमिसळ झाली की एखादा वाटा चौपट दिसतो नाहीतर पावपट.)

हिशेब पटला तरी शंका उरते. वाढलेला कार्बन नक्की कोळशा-तेलाचाच कशावरून? ज्वालामुखीतून आलेला असला तर? याचे उत्तर कार्बनच्या अणूंनी स्वतःवर लिहून ठेवले आहे, आणि या विषयातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

निसर्गातला सुमारे ९८.९ टक्के कार्बन हा कार्बन-१२ असतो आणि १.१ टक्का कार्बन-१३, म्हणजे त्याचे एक न्यूट्रॉन जास्त असलेले जड भावंड. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघे सारखेच, पण पानातले रुबिस्को नावाचे विकर (एन्झाइम) हलक्या कार्बन-१२ला किंचित लवकर पकडते. त्यामुळे झाडाच्या अंगात कार्बन-१३ थोडा कमी भरतो. ही तूट एका प्रमाणित नमुन्याशी ताडून हजारामागे मोजतात. हवेत ती एके काळी −६.५ होती, भात-गहू-आंबा अशा बहुतेक वनस्पतींत −२५ ते −२८. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी असल्याने त्यांच्यात ती −११ ते −१४च असते.

हे प्रयोगशाळेपुरते कौतुक नाही. आपल्या देशात मधाची तपासणी याच फरकावर चालते. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक पहिल्या गटातली, म्हणून शुद्ध मध −२५च्या आसपास येतो. उसाची साखर मिसळली की आकडा वर सरकतो. मधातली प्रथिने मात्र माशीकडून आणि परागांतून आलेली असतात, ती सरकत नाहीत. प्रथिने आणि मध यांच्यात हजारामागे १हून जास्त फरक निघाला की भेसळ पकडली जाते. साधारण ७ टक्के उसाची किंवा मक्याची साखर इतका त्याचा अर्थ. तांदळापासून केलेला पाक मात्र या चाचणीतून निसटतो, कारण भात पहिल्याच गटातला आहे. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

आता हवा. कोळसा म्हणजे गाडली गेलेली झाडे, त्यामुळे त्याची तूट −२४च्या आसपास. तेलाची −२८च्या जवळ, नैसर्गिक वायूची त्याहून खाली. ज्वालामुखीतून येणारा कार्बन साधारण −५. तो भरपूर मिसळला असता तर हवेचा आकडा −६.५वरून खाली न जाता उलट थोडा वर चढला असता. प्रत्यक्षात तो −८.५च्या जवळ घसरला आहे. शिवाय सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनाहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात, तर इंधनातून ३७ अब्ज टनांच्या आसपास निघतो. महाराष्ट्र ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि त्या उद्रेकांनी हवामान हलवलेही असेल. पण ते लाखो वर्षे चालले होते; आजची वाढ औद्योगिक क्रांतीनंतरची आहे.

हे मोजतात कसे? काचेचा बाटला घेऊन वाऱ्याच्या दिशेला तोंड करायचे आणि श्वास रोखून तोटी उघडायची, कारण उच्छ्वासात हवेच्या शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो. प्रयोगशाळेत ती हवा आधी उणे ७८ अंशांच्या सापळ्यातून नेतात. बाष्प तिथे गोठते. मग द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांवर कार्बन डायऑक्साइड गोठवून बाकीची हवा पंपाने काढून टाकतात. उरलेला वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, सोडून ४४ (कार्बन-१२चे) आणि ४५ (मुख्यतः कार्बन-१३चे) वस्तुमानाच्या रेणूंचे प्रमाण मोजतात, तेही प्रमाणित वायूशी आलटून पालटून ताडून. घोटाळा होतो तो इथे : नायट्रस ऑक्साइडचेही वस्तुमान ४४ आहे आणि तोही त्याच सापळ्यात गोठतो. ती दुरुस्ती विसरली तर हजारामागे ०.२ची चूक होते, म्हणजे हवेतल्या कित्येक वर्षांच्या बदलाइतकी.

कार्बन-१३ने ‘वनस्पतीजन्य’ एवढेच कळते. कालचे झाड की कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, हे कळत नाही. ते काम कार्बन-१४ करतो. तो किरणोत्सारी असतो आणि त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो, त्यामुळे कोळशात तो शिल्लकच नसतो. जुना कार्बन हवेत मिसळला की कार्बन-१४ पातळ होतो. हान्स सुएस यांनी झाडांच्या वलयांत ही घट १९५५मध्येच दाखवली होती. पुढे अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट करून ठेवल्यामुळे हा पुरावा काही दशके गढूळ झाला.

तिसरा साक्षीदार ऑक्सिजन. जळण म्हटले की ऑक्सिजन खर्च होतो. ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून कार्बन डायऑक्साइड नुसता बाहेर पडला तर तो खर्च होत नाही. राल्फ कीलिंग यांनी १९८९पासून केलेल्या मोजणीत हवेतला ऑक्सिजन दरवर्षी दहा लाख भागांमागे सुमारे ४ भागांनी घटताना दिसतो. हवेत तो जवळपास २,१०,००० भाग आहे, तेव्हा ‘ऑक्सिजन संपत चालला’ ही भीती निराधार आहे. होमात तूप जाळल्याने ऑक्सिजन तयार होतो, हा दावाही तसाच. तूप हे इंधन आहे; जळताना ते ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. श्रद्धा ज्याची त्याने जपावी, पण तिला रसायनशास्त्राचे खोटे प्रमाणपत्र चिकटवू नये.

यातले मूलभूत विज्ञान तेल कंपन्यांना ठाऊक नव्हते असे नाही. जुलै १९७७मध्ये जेम्स ब्लॅक या एक्झॉनच्या शास्त्रज्ञाने वरिष्ठ व्यवस्थापनाला सांगितले होते, की इंधन जाळून होणारा कार्बन डायऑक्साइड हाच माणसाकडून हवामान बदलण्याचा सर्वांत संभाव्य मार्ग आहे, यावर शास्त्रज्ञांचे साधारण एकमत आहे. १९७९मध्ये कंपनीने ‘एस्सो अटलांटिक’ या महाकाय तेलवाहू जहाजावर उपकरणे बसवून समुद्राच्या पाण्यातला आणि त्यावरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. समुद्र किती गिळतो, म्हणजे गल्ल्याच्या खर्चाचे पान, हाच त्यांचा प्रश्न होता! सोबत टारो ताकाहाशी आणि वॉलेस ब्रोकर यांच्यासारखे कोलंबिया विद्यापीठातले तज्ज्ञ होते. हे माप नाजूक असते. पाणी नळातून उपकरणापर्यंत येईस्तोवर १ अंशाने तापले, तर त्यातल्या वायूचा दाब सुमारे ४.२ टक्क्यांनी वाढतो आणि कार्बन शोषणारा समुद्र कागदावर कार्बन सोडणारा ठरतो. म्हणून पाणी आत येते त्या तोंडाशीच तापमान नोंदवावे लागते. जहाजावरचे हे काम १९८२मध्ये थांबले.

जानेवारी २०२३मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सुप्रान, राम्स्टोर्फ आणि ओरेस्केस यांनी कंपनीची १९७७ ते २००३मधली भाकिते प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिली. दर दशकाला सरासरी ०.२० अंश वाढ, असे ती सांगत होती, आणि मोजण्याच्या निकषानुसार ६३ ते ८३ टक्के भाकिते बरोबर ठरली. याच काळात जाहीर व्यासपीठांवरून ‘अनिश्चितता’ हा शब्द मोठ्या आवाजात बोलला जात होता. शंका घेणे हे शास्त्राचे कामच आहे. पण स्वतःच्या शास्त्रज्ञांचे उत्तर कपाटात ठेवून लोकांपुढे प्रश्न तेवढा मांडणे, याला शंका म्हणता येत नाही.

तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी १९८९मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ हा गट उभारला. त्याच्याच तज्ज्ञांनी १९९५मध्ये एक टिपण तयार केले. हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का आहे आणि तो नाकारता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. माणसामुळे हवामान बदलते हे न मानणाऱ्यांचे सिद्धान्त एकेक करून तपासणारे एक प्रकरणही मसुद्यात होते, आणि त्यांतला एकही पटण्यासारखा नाही असा त्याचा निष्कर्ष होता. टिपण बाहेर देण्याआधी ते प्रकरण गाळण्यात आले.